अंगाचं माप, कपड्याचं माप

सरकारला आमचं दुकान डिजिटल करायचं होतं आणि मला जाऊबाईंच्या डोळ्यांना काहीतरी पर्याय हवा होता. दोघांची गाठ एका फॉर्मवर पडली. त्या फॉर्मवर ‘अर्ज करण्याचे कारण’ असा रकाना होता आणि खाली चार चौकटी: व्यवसायवाढ, निर्यात, मनुष्यबळात बचत, इतर. ‘इतर’समोर लिहायला जागा ठेवली होती ती जेमतेम दोन शब्दांची. ‘कापणारीला दिसत नाही’ हे तीन शब्द होतात. मी व्यवसायवाढीवर खूण केली आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला.

व्यवसाय वाढवायची कसली हौस असणार मला! वयाची एक्कावन्न वर्षं झाली. संध्याकाळी मशीनवरून उठताना आधी कंबर उठते, मग मी उठते.

आमचं दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत कापायचं टेबल, वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. वर ड्रिल सुरू झालं की खाली माझं मशीन सुरू, म्हणजे दोन्हींतलं कोण गुणगुणतंय ते गिऱ्हाइकाला कळत नाही. आम्ही कोट शिवतो. डॉक्टरांचे, नर्सचे, प्रयोगशाळेतल्यांचे, हॉटेलातल्या वेटरांचे. जाऊबाई कापतात, मी शिवते. सत्तावीस वर्षं हीच वाटणी. एवढ्या वर्षांत मी कात्री हातात घेतली ती दोरा तोडायला. मोठी कात्री आणि ते टेबल जाऊबाईंचं. मी त्यांना ताई म्हणते, पण त्या टेबलाजवळ उभ्या असल्या की हाक मारायचंसुद्धा जिवावर येई.

मागच्या वर्षी त्यांनी एका कोटाचे पुढचे दोन्ही भाग डावेच कापले. कापड उलटवायला विसरलं की असं होतं, आणि विसरतात ते नवशिके. जाऊबाई अडतीस वर्षं कापताहेत. मी ते दोन डावे भाग शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. त्यांनीही कडेने बघितलं. आठवड्याभराने पुन्हा दोन डावे आले, तेव्हा मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे, म्हणाले. वाढत जाणार. कडेचं दिसत राहील, समोरचं नाही. चष्म्याने नाही, ऑपरेशनने नाही.

“म्हणजे मला भिंती दिसतील, टेबल दिसणार नाही,” जाऊबाई म्हणाल्या. डॉक्टर हसले. आम्ही हसलो नाही.

त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच प्रश्न होता. कापणारी नसेल तर शिवणारीने शिवायचं काय? नवा कापणारा शोधून झाला. एक आला, दोन दिवस राहिला, कारखान्यात निघून गेला. म्हणजे कापायला मी तरी शिकायचं, नाहीतर दुकान बंद करायचं. आणि दुकान बंद झालं तर जाऊबाईंनी दिवसभर घरी बसून करायचं काय? थोरले दीर जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्यांना एक आम्ही आहोत आणि एक ते टेबल.

त्या सरकारी योजनेची बातमी आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून कापून आणली. “बघ, घरात कात्री चालवणारा मीपण आहे,” म्हणाले. कौतुक करायला मला वेळ नव्हता.

मशीन आलं ते चार महिन्यांनी. एक टॅबलेट आणि एक लांबलचक प्रिंटर. टॅबलेटमध्ये गिऱ्हाइकाची मापं भरायची, की प्रिंटर गळा, काखेचा मुंढा, बाही सगळं खऱ्या आकारात कागदावर आखून बाहेर टाकतो. कागद कापडावर ठेवायचा, टाचण्या मारायच्या आणि रेघेवरून कापायचं. बस. पहिला कागद सरसरत बाहेर आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अडतीस वर्षांचा हात त्या पेटीतून असा पाऊण मिनिटात येईल असं मला वाटलं नव्हतं.

शिकवायला योजनेकडून एक मुलगी यायची. तिचं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते नेहमी उलटं लटकलेलं असायचं, म्हणून आम्ही तिला अपलोडबाई म्हणायचो. काहीही विचारलं तरी ती म्हणे, “काकू, आधी अपलोड करा, मग बघू.” पोरगी वाईट नव्हती. तिच्याकडे अशी चाळीस दुकानं होती. आमच्याकडे आली की पाणी पिता पिता बसल्या जागी डोळे मिटायची आणि दोन मिनिटांनी दचकून म्हणायची, “हां, तर कुठे होतो आपण?”

अटी तिनेच समजावल्या. तीन महिन्यांत तीनशे गिऱ्हाइकांची मापं टॅबलेटमध्ये भरायची. प्रिंटरच्या कागदावरून दहा कपडे शिवून ठेवायचे. मग साहेब पडताळणीला येणार. झालं तर मशीन आमचं, नाही झालं तर उचलून यादीतल्या पुढच्या दुकानाला.

मी जाऊबाईंच्या मापांच्या वह्या काढल्या आणि रोज दुपारी भरायला बसले. जाऊबाई खिडकीशी स्टुलावर बसून चाचपून चाचपून बटणं लावायच्या. बटणं लावायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. मी मोठ्याने वाचायची, “छाती बेचाळीस, कंबर चाळीस, बाही चोवीस,” आणि बोटाने टॅबलेटवर मारायची. त्या ऐकायच्या. एकदाही काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, राग आहे, जाईल.

वह्यांमधून हयात आणि गावात असलेली गिऱ्हाइकं निघाली दोनशे शहाण्णव. चार कमी. वहीच्या मागच्या पानावर ‘घरचे’ असं लिहून आमची मापं होती, ती उरली होती. जाऊबाई, आमचे हे, मी आणि थोरले दीर. दिरांनाही भरलं. टॅबलेट हयातीचा दाखला मागत नव्हता.

दहा कपड्यांसाठी आम्ही वरच्या दवाखान्याचं काम घेतलं, दहा पांढरे कोट. मी आयुष्यात पहिल्यांदा कापड कापलं. पहिल्या बाहीला मला अर्धा तास लागला. दहाव्या कोटापर्यंत सरावले. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मी खूश होते. जाऊबाईंच्या टेबलाशी उभी राहून मी कापत होते आणि कुणी मला हटकत नव्हतं.

कोट शिवून झाले. दाताचे डॉक्टर खाली आले, कोट अंगात घातला आणि आरशात बघून म्हणाले, “यात मी आणि कंपाउंडर दोघं मावू.”

नर्सला घालून बघितला. तिचा छातीला ढगळा. दवाखाना झाडणाऱ्या म्हाताऱ्याचा कोट एकाच खांद्यावरून घसरत होता. दहाच्या दहा कोट बिघडले होते, आणि प्रत्येक वेगळ्या जागी. एकसारखे बिघडले असते तर मी म्हटलं असतं, आपला हात चुकला. हे काय होतं ते मला कळेना. मी कपाळाला हात लावून बसले आणि अपलोडबाईला फोन केला.

तिने येऊन टॅबलेट बघितला, वही बघितली आणि टेप मागितली. मग नर्सला वरून बोलावून तिची छाती स्वतः मोजली.

“काकू, हिची छाती चौतीस आहे. वहीत साडेपस्तीस लिहिलंय. प्रोग्रॅमला अंगाचं माप लागतं. लूजिंग तो स्वतः देतो. तुमच्या वहीत आधीच दिलेलं दिसतंय. म्हणजे दोनदा झालं.”

लूजिंग म्हणजे कपडा अंगापेक्षा जेवढा सैल ठेवतात तेवढं. ते कोट कापताना देतात हे मला माहीत होतं. ते वहीतच लिहून ठेवलंय हे मला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं. मी वह्या वाचल्याच कधी होत्या? माझ्यापर्यंत यायचं ते कापलेलं कापड.

“मग सगळ्यांतून दीड दीड इंच कमी करू?” मी विचारलं.

“सगळ्यांना सारखं दिलेलं नाहीये ना,” ती म्हणाली. “डॉक्टरांना दोन आहे. त्या बाबांना एकाच खांद्याला आहे. हे कुठल्या हिशोबाने दिलंय ते ज्यांनी लिहिलं त्यांनाच माहीत.”

आम्ही दोघींनी खिडकीकडे बघितलं. जाऊबाई बटण लावत होत्या.

अपलोडबाई गेल्यावर मी मागच्या खोलीचं दार लोटलं.

“ताई, ही अंगाची मापं नाहीत?”

“अंगाचं माप मी कधी लिहिलंच नाही. अंगाचं माप लिहून काय करायचंय? शिवायचा कपडा असतो.”

“मी महिनाभर तुमच्या कानाशी बसून वाचत होते. एका शब्दाने बोलला नाहीत!”

“तू विचारलंस?”

माझा तोल गेला. इतकी वर्षं तोंडात मूग धरून बसले होते ते सगळं एकदम बाहेर पडलं. म्हटलं, तुम्ही मला कधी टेबलाला हात लावू दिला नाहीत, नवी सून होते तेव्हाही नाही आणि डोळे गेल्यावरही नाही. म्हटलं, तुम्हाला हे मशीन बंदच पडायला हवं होतं.

“हो,” त्या म्हणाल्या. “हवं होतं. बंद पडलं असतं तर तू मला हाक मारली असतीस.”

सुई त्यांच्या बोटात घुसली होती आणि त्यांनी अजून काढली नव्हती. मी काढली. मग दोघी आपापल्या जागी जाऊन बसलो.

चार दिवसांनी पडताळणीचे साहेब आले. नवे कोट कापायला मला सवड मिळाली नव्हती. वापरायचा असता तर एकही कोट चालला नसता, पण ते लटकवले होते हँगरवर आणि हँगरला पोट नसतं. साहेबांनी दहा मोजले. टॅबलेटवर तीनशेचा आकडा बघितला. मला प्रिंटरशेजारी उभं करून फोटो काढला, म्हणाले, “जरा हसा.” मी जमेल तेवढं हसले. मग जाऊबाईंकडे वळून म्हणाले, “काय आजी, आता आराम ना?”

“आरामच,” जाऊबाई म्हणाल्या.

“साहेब, मापं चुकली आहेत,” मी म्हटलं. कशाला म्हटलं कोण जाणे, पण म्हटलं.

साहेब दमलेले होते. त्यांना अजून सहा दुकानं करायची होती. “आता पडताळणी झाली, बाई. आकडे या वर्षी बदलता येणार नाहीत. खाली शेरा म्हणून जागा आहे, तिथे काय ते लिहा.” आणि मशीन आमचं झाल्याचा कागद देऊन ते गेले. आमचं दुकान यशस्वी ठरलं. दुकानात अंगाला बसेल असा एकही कोट नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टॅबलेट घेतला, स्टुलाशेजारी खाली बैठक मारली आणि म्हटलं, “ताई, आता विचारते. सांगा.”

त्यांनी हातातलं बटण डबीत टाकलं. म्हणाल्या, “वाच.”

“दाताचे डॉक्टर.”

“पोटाला दोन. दिवसभर रुग्णावर वाकलेला असतो, बटणं ताणतात.”

“नर्स.”

“छातीला दीड. बसने येते ती, उभ्याने. कोट अंगासरसा नको, असं तोंडाने म्हणाली नव्हती, पण मी माप घेताना आक्रसून उभी राहिली.”

“झाडणारे बाबा.”

“डाव्या खांद्याला एक, मुंढा खोल. हात वर जात नाही त्याचा. कोट घालताना दुसऱ्या कुणाला बोलवायला लागू नये.”

मी शेऱ्यात लिहीत गेले. हॉटेलातल्या एका वेटरला काहीच दिलं नव्हतं. “त्याला स्वतःला आरशात बघायला आवडतं, त्याला घट्टच पाहिजे.” प्रयोगशाळेतल्या एका बाईला कंबरेला तीन इंच होते. एवढे का, म्हटलं तर म्हणाल्या, “तेव्हा दिवस होते तिला. आता मुलगी शाळेत जाते. काढून टाक.” वही त्यांच्या हातात नव्हती, असती तरी दिसली नसती. सगळं डोक्यात होतं.

मला लाज वाटली, हे सांगून टाकते. त्या बाबांच्या कोटाचा डावा खांदा मी अकरा वर्षं शिवत आले. एक बाजू मोठी का, असं मनातसुद्धा आलं नव्हतं. आलं असेल तर एवढंच, की ताईंचा हात चुकला असेल.

पहिल्या दिवशी तीस झाले. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. शेरे बघून, दोनदा झालेलं लूजिंग कागदावरच वजा करून, मी दवाखान्याचे दहा कोट पुन्हा कापले, आणि ते अंगाला बसले. डॉक्टरांनी वाकून, हात वर करून बघितलं आणि काहीही न बोलता घालून गेले. आमच्या धंद्यात याहून मोठी पावती नसते. मला कापता येत होतं. दुकान वाचलं होतं. त्या संध्याकाळी आनंद व्हायला हवा होता, पण मी इतकी थकले होते की तो उद्यावर टाकला.

मग दिवसाला वीस व्हायला लागले, मग बारा. एक दिवस आठच झाले.

“आज डोकं जड आहे,” जाऊबाई म्हणायच्या. “उद्या आठवेल.”

मला वाटलं, विसरायला लागल्या. धास्ती वाटली. पण जे आठ सांगितले त्यात एका माणसाच्या चपला कशा झिजतात इथपर्यंत सांगितलं होतं. विसरणारं माणूस असं सांगत नाही.

“किती राहिले?” एका दुपारी त्यांनी विचारलं.

“बावीस.”

“बावीस,” त्या म्हणाल्या आणि बटणाच्या डबीत बोटं फिरवत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी तीन सांगितले. दुसऱ्या दिवशी दोन.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पुरवून पुरवून देत होत्या. शेवटचं गिऱ्हाईक सांगून झालं की त्यांच्याकडे या दुकानाला द्यायला काही उरणार नव्हतं, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मला राग आला नाही. मी त्यांना घाई करणं सोडलं. दोन तर दोन, एक तर एक. कधी कधी मीच म्हणायची, आज खूप काम आहे ताई, उद्या बघू.

तरीही एक दिवस मागचं पान आलंच.

“घरचे,” मी वाचलं. “भाऊजी.”

“ते राहू दे.”

“आमचे हे.”

“त्याला काही नको. तो कसाही राहतो.”

“तुम्ही.”

“मला आता काय लागतंय. पुढे चल.”

पुढे मीच होते. मी माझं माप वाचलं. छाती, कंबर, बाही सगळं जिथल्या तिथे, आणि दंडाला दोन आकडे. डावा साडेबारा, उजवा साडेतेरा.

“ताई, हे चुकून दोनदा लिहिलंय.”

“चुकून नाही. उजव्या बाहीला एक जास्त. हात सुजतो तुझा संध्याकाळी.”

“मी कधी म्हटलं?”

“तू कशाला म्हणशील. मशीनवरून उठलीस की माझ्याकडे पाठ करून हात चोळतेस. बारा-तेरा वर्षं झाली.”

मी अंगातल्या कपड्याची उजवी बाही चिमटीत धरून बघितली. मग डावी. बारा-तेरा वर्षं मी हे कपडे घालत होते, आणि शिवलेही मीच होते.

जाऊबाई डबीचं झाकण लावत होत्या. “झालं ना सगळं?” म्हणाल्या. “टाक आता पुरं करून.”

“झालं कसलं!” मी म्हटलं. “माझं माप जुनं झालंय. जाड झालेय मी. नव्याने घ्यायला पाहिजे, आणि स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही.”

“मला आकडे दिसत नाहीत.”

“आकडे मी वाचते. तुम्ही टेप धरा.”

त्या उठल्या. टेबलाच्या कडेला हात लावत लावत माझ्यापर्यंत आल्या. टेप माझ्या उजव्या दंडाला गुंडाळली, तीत नेहमीसारखं आपलं एक बोट सरकवलं, मग ते बोट काढून घेतलं आणि दंड तळव्याने हळूच दाबून बघितला. थोडा वर, थोडा खाली. दुखत होतं. मी श्वास रोखला, तो त्यांना कळला असणार.

“वाच.”

“साडेतेरा.”

“साडेचौदा लिही.”

“ताई, सैल तो प्रोग्रॅम देतो आपला आपण.”

“तो सगळ्यांना देतो,” जाऊबाई म्हणाल्या. “हे तुझं आहे.”

मी शेऱ्यात साडेचौदा लिहिलं.